भट्टीपुढच्या माणसाला ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत अजून जी गुऱ्हाळं चालतात, तिथं गुळव्याचा, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराचा, शब्द शेवटचा असतो. काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात जळण पडत असतं, वर आलेली मळी काढली जाते, भेंडीचं पाणी पडतं आणि रस दाट होत होत चासणीवर येतो. मग गुळव्या थोडी चासणी पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. मनासारखी वळली की म्हणतो, ‘उतरवा.’ मालक तिथं असो वा नसो, काहील उतरते. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, जरा घाई झाली तर ढेप धरत नाही, चिकट राहते. आख्ख्या आदणाचा पैसा त्या एका माणसाच्या बोटांवर असतो आणि मालकाला त्यात कमीपणा वाटत नाही.

तिथून थोड्याच अंतरावर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस साच्यात ओतणाऱ्या माणसाला मात्र असा एकही शब्द दिलेला नाही. त्यानं ‘थांबा’ म्हटलेलं चालत नाही. कोल्हापूरच्या कारखानदारीतल्या गुणवत्तेचा खरा प्रश्न माझ्या मते हाच आहे. सर्टिफिकेटं, अनुदानं, पुरस्कार आणि परिसंवाद यांच्या गर्दीत तो विचारलाच जात नाही.

मी फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सत्तावीस वर्षं काढली, त्यातली अठरा क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात. एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. जुलै महिना, चार दिवस संततधार, रात्रपाळी. पंपाच्या बॉडीचं काम लागलं होतं. कोअर, म्हणजे ओतीव भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, आदल्या दिवशी करून रॅकवर ठेवले होते आणि पत्र्याच्या शेडखाली हवा इतकी ओली होती, की हजेरीच्या वहीची पानं एकमेकांना चिकटत होती. ओल धरलेला कोअर साच्यात बसवला आणि त्यावर रस पडला, की ओलीची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते. कास्टिंग, म्हणजे ओतून झालेला भाग, वरून छान दिसतं. मशिन शॉपमध्ये दोन-तीन मिलिमीटर कातडी निघाली, की आत सुईनं टोचल्यासारखी भोकं. ब्लो होल. त्या रात्रीच्या एकशे ऐंशी बॉड्यांपैकी एकशे दहाच्या वर भंगारात गेल्या.

गिऱ्हाइकाला रिपोर्ट पाठवायचा होता. कारणाच्या रकान्यात आम्ही लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. उपायाच्या रकान्यात लिहिलं, ‘संबंधित कामगाराला समज दिली व प्रशिक्षण दिले’. खाली सही माझी होती. आठवडाभरानं चहाच्या गाडीवर तो कोअर बसवणारा पोरगा भेटला, राधानगरीकडचा. त्याला विचारलं, कोअर ओले आहेत हे तुला कळलं नव्हतं का रे? तो म्हणाला, ‘कळालं हुतं की सायब. हाताला गार लागत हुतं. पर सांगून काय करायचं? पेटीवर पैसं हायेत.’

पेटीवर पैसे. पेटी म्हणजे साचा भरायची चौकट; जितक्या पेट्या भरल्या तितकी मजुरी. त्यानं काम थांबवून मिस्त्रीला बोलावलं असतं, तर त्याच्याबरोबर साचे भरणाऱ्या चौघांची रात्र बुडाली असती आणि वर ठेकेदाराच्या शिव्या. म्हणजे आमच्या कारखान्यात दोष ओळखणारी बोटं होती. गुळव्यासारखीच होती. ती बोटं गप्प बसावीत अशी व्यवस्था आम्हीच लावून ठेवली होती, आणि वर निष्काळजीपणाचा शिक्का त्या पोरावर मारला. ती सही मला आजही बोचते. हा लेख लिहायला बसलो त्यामागंही तीच आहे.

गुणवत्तेच्या विचाराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास आपल्याकडे साधनांची यादी म्हणून शिकवला जातो. अमक्यानं तक्ता काढला, तमक्यानं माशाच्या काट्याची आकृती काढली, मग सिक्स सिग्मा आलं. इंजिनिअरिंगच्या पोरांना ही यादी पाठ असते. मला तो इतिहास वेगळा दिसतो. दोष कोणाचा, तो कोणी सांगायचा आणि सांगितल्यावर काम कोणी थांबवायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं हळूहळू कशी बदलत गेली, त्याचा तो इतिहास आहे.

सुरुवातीला उत्तर सोपं होतं. माल तयार झाल्यावर टेबलामागं बसलेला इन्स्पेक्टर चांगला माल इकडं आणि वाईट तिकडं करील. यात वाईट माल बनायचा थांबत नाही, फक्त वेगळा निघतो. १९२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं आपल्या वरिष्ठाला एक टिपण दिलं. जेमतेम पानभराचं. त्यात एक आकृती होती: मधे एक रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा आणि रोजच्या मोजमापांचे ठिपके. तोच कंट्रोल चार्ट.

त्या आकृतीत शूहार्ट जे म्हणत होते ते फाउंड्रीवाल्याला पटकन कळतं. साच्याच्या वाळूतली ओल रोज थोडी कमी-जास्त होणारच. कधी सव्वातीन टक्के, कधी साडेतीन. हे चढउतार त्या व्यवस्थेच्या अंगचेच. त्यांच्यामागं धावून रोज मोल्डरला, म्हणजे साचे भरणाऱ्याला, झापलं तर काहीच सुधारत नाही, उलट तो रोज पाणी कमी-जास्त करत बसतो आणि चढउतार वाढतात. पण एखादा ठिपका मर्यादेच्या बाहेर गेला, तर मात्र काहीतरी नवीन घडलंय. मिक्सरचा पाण्याचा व्हॉल्व्ह गळतोय, किंवा वाळूचा ढीग रात्री पावसात भिजलाय. तेव्हा लगेच थांबून बघायचं. कधी हात लावायचा नाही आणि कधी लावल्याशिवाय राहायचं नाही, हे सांगणारं इतकं स्वस्त साधन मी दुसरं पाहिलेलं नाही. पेन्सिल, कागद आणि खरं लिहायची मुभा एवढ्यावर ते चालतं. यातली तिसरी गोष्ट मिळवणं सगळ्यांत अवघड.

हे शूहार्ट भारतात येऊन गेले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४७ च्या अखेरीस आणि १९४८ च्या सुरुवातीला प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून ते इथं होते, कारखान्यांत हिंडले, व्याख्यानं दिली. शूहार्ट यांचाच विचार पुढं नेणारे अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञ डेमिंग यांची जपानमधली गाजलेली व्याख्यानं १९५० सालची. म्हणजे हा विचार थेट त्याच्या जनकाच्या तोंडून ऐकायची संधी आपल्याला जपानच्या त्या व्याख्यानांआधी मिळाली होती. मग तो रुजला का नाही?

मला याचं उत्तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आमच्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत दिसतं. परमिटच्या काळात माल कमी आणि मागणी जास्त. शेतकऱ्याला विहिरीवर ऑइल इंजिन हवं असायचं, आणि बनवणारे मोजके. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. जो माल बनेल तो खपत होता, म्हणून माल चांगला का बनत नाही हा प्रश्न कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. आमच्या जुन्या मिस्त्रींचं कौशल्य अफाट होतं, त्याबद्दल शंका नाही. परदेशी इंजिन उघडून, नुसतं बघून त्याचा पॅटर्न बनवणारी माणसं या गावात होऊन गेली. पण ते कौशल्य एकेकट्याच्या हातात राहिलं. मिस्त्री गेला की त्याच्याबरोबर गेलं.

जपानमध्ये वेगळं काय झालं? तिथं डेमिंग यांचं म्हणणं आधी मालकांनी ऐकलं. १९५० च्या उन्हाळ्यात इचिरो इशिकावा या उद्योगपतींच्या म्होरक्यानं मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांना त्यांच्यापुढं आणून बसवलं. डेमिंग यांचा आग्रहच होता, की इंजिनिअरांना आकडेमोड शिकवून भागणार नाही, दोषांची मुळं वरच्या खोलीत असतात. पुढं ते एक प्रयोग करून दाखवत. खोक्यात पांढरे आणि लाल मणी, पाचांत एक लाल. पन्नास खळग्यांची एक पाटी त्यात बुडवायची आणि वर काढायची. लाल मणी म्हणजे दोष. ‘कामगारांनी’ कितीही जीव लावला तरी सरासरी दहाएक लाल मणी येणारच, कारण खोक्यातच ते आहेत. मग डेमिंग एकाला शाबासकी देत, दुसऱ्याला झापत, तिसऱ्याला घरी पाठवत, आणि बघणाऱ्यांच्या लक्षात येई की हे सगळं किती निरर्थक आहे. गुणवत्तेचे दुसरे अमेरिकन तज्ज्ञ जोसेफ ज्युरन १९५४ मध्ये जपानला गेले. त्यांचाही अनुभव असाच, की दोषांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त दोष व्यवस्थापनाच्या हातातले असतात, कामगाराच्या नव्हे.

आमच्या त्या पावसाळी रात्री खोक्यात लाल मणी कोणी टाकले होते? कोअर ठेवायला कोरडी, बंद खोली नव्हती, ती बांधायचं दोन वर्षं लांबणीवर पडत होतं. मजुरी पेटीवर ठरवलेली होती. सुपरवायझरला टनांचं टार्गेट होतं. यातलं एकही त्या राधानगरीच्या पोराच्या हातात नव्हतं.

जपानी लोक मालकांपाशी थांबले नाहीत, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. १९५६ मध्ये तिथं रेडिओवरून फोरमन लोकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्याकडं रेडिओवर शेतकऱ्यांसाठी किती चांगले कार्यक्रम झाले. आमच्या घरात बियाण्याचा आणि खताचा सल्ला ऐकूनच पेरणी ठरायची. कारखान्यातल्या माणसाला तक्ता वाचायला शिकवणारा कार्यक्रम मी जन्मात ऐकला नाही. १९६२ मध्ये, त्याच इचिरोंचे चिरंजीव कावोरू इशिकावा यांच्या पुढाकारानं, तिकडं क्वालिटी सर्कल सुरू झाली. सात-आठ कामगार एकत्र बसणार, आपल्याच कामातला दोष निवडणार, कारणं शोधणार आणि उपाय करून बघणार. विचार करायचं काम ऑफिसातल्यांचं आणि हात चालवायचं काम खालच्यांचं, ही जुनी वाटणी तिथं मोडली.

आणि टोयोटाचं मूळ तर थेट मागात आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये आणला, त्यामुळं आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट जवळची वाटेल. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागाचा विशेष असा, की धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा. नाहीतर माग चालूच राहतो, खराब कापड वार-वारानं निघत राहतं आणि ते बघायला प्रत्येक मागापाशी एक माणूस उभा करावा लागतो. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले आणि तो पैसा पुढं मोटारींच्या प्रयोगाला कामी आला. मोटारींच्या कारखान्यात तोच विचार माणसापर्यंत आला. लाइनवरच्या कोणालाही काही चुकतंय असं वाटलं, की त्यानं वरची दोरी ओढायची. लगेच टीम लीडर धावत येतो. दोघांनी मिळून तेवढ्यात निस्तरलं तर लाइन चालूच राहते, नाहीतर थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी रागावत नाही, आणि म्हणूनच ती ओढली जाते.

आता कोल्हापुरात हे सगळं कसं आलं ते बघा. इथं दुसराच प्रवाह आला. लष्कराला दूरवरच्या पुरवठादारांकडून माल घ्यायचा असतो, प्रत्येकाच्या कारखान्यात जाऊन उभं राहता येत नाही, म्हणून कागदावर खात्री मागायची, ही त्या प्रवाहाची सुरुवात. त्यातून ब्रिटनचं बीएस ५७५० हे १९७९ चं मानक आणि त्यातून १९८७ ची आयएसओ ९००० मालिका. मोटार कंपन्यांनी त्यावर आपल्या अटी चढवल्या: १९९४ ला क्यूएस ९०००, १९९९ ला टीएस १६९४९, २०१६ ला आयएटीएफ १६९४९. उदारीकरणानंतर पुण्यातल्या आणि बाहेरच्या मोटार कंपन्या कास्टिंगसाठी आपल्याकडं वळल्या, तेव्हा त्यांनी पहिली मागणी सर्टिफिकेटची केली. आम्ही ती पुरी केली.

त्याचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. आयएसओच्या आधी आमच्याकडं मोजमापाचा व्हर्निअर शेवटचा कधी तपासला हे कोणी सांगू शकत नसे. ड्रॉइंगची जुनी आवृत्ती मशिनवर आणि नवी ऑफिसात, असं सर्रास होई. आज कास्टिंगवरच्या हीट नंबरावरून, म्हणजे रसाच्या खेपेच्या नंबरावरून, त्या दिवशीची भट्टी, धातूत काय किती होतं त्याचा स्पेक्ट्रोचा रिपोर्ट, वाळूच्या चाचण्या सगळं मागं जाऊन काढता येतं. ही शिस्त फाइलमुळं आली, आणि निर्यातीची दारं त्यामुळंच उघडली.

पण ऑडिटच्या आदल्या आठवड्यात शिरोलीतल्या कोणत्याही क्यूसीच्या खोलीत जाऊन बघा. तीन महिन्यांचे कंट्रोल चार्ट एका रात्रीत भरले जात असतात. वेगवेगळी पेनं वापरून, मधेच एखादा ठिपका जरा वर, एखादा जरा खाली, म्हणजे खरं वाटावं. मीही हे केलंय आणि माझ्या हाताखालच्या पोरांकडून करून घेतलंय. शूहार्टनं जो कागद कारखान्याला स्वतःचं खरं रूप दिसावं म्हणून काढला, तोच कागद आम्ही रूप झाकायला वापरला. शिवाय शॉपमध्ये भिंतीवर कामाच्या सूचना टांगलेल्या, इंग्रजीत, लॅमिनेट करून. आणि त्यांच्याखाली बिहार-ओडिशातून आलेली पोरं साचे भरतायत, त्यांना धड मराठीही वाचता येत नाही.

इथं मला पुन्हा गुळाकडं यावं लागतं, कारण चुकीचं मोजमाप काय करतं हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडं दिसत नाही. मार्केट यार्डात सौद्याला गूळ रंगावरून पारखला जाऊ लागला. पिवळाधमक गूळ म्हणजे भारी, काळपट म्हणजे हलका. मग त्याच गुळव्याला, ज्याची बोटं चासणी ओळखतात, रंग उजळवायला काहिलीत हायड्रोस नावाचं रसायन टाकावं लागलं. गूळ दिसायला सुंदर आणि खायला वाईट. दोष गुळव्याचा की सौद्याचा? २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण रंगाला भाव देणारा बाजार तसाच राहिला तर त्या मानांकनानं काहिलीत फरक पडणार नाही. फाउंड्रीतही असंच आहे. आपण टनांना आणि पेट्यांना भाव देतो, म्हणून आपल्याला टन आणि पेट्या मिळतात.

यावर कारखानदार मित्र जे म्हणतात ते मी अनेकदा ऐकलंय, आणि त्यांचं सगळं खोटं नाही. इंडक्शन भट्टी धरून ठेवली की मिनिटामिनिटाला वीज जळते आणि विजेचं बिल हा फाउंड्रीचा मोठा खर्च. डक्टाइल, म्हणजे सहज न तुटणाऱ्या, लोखंडात मॅग्नेशियमची प्रक्रिया केली की ते पुढच्या दहाएक मिनिटांत ओतून संपवावंच लागतं, नाहीतर परिणाम उतरतो. अशा वेळी कोणीही उठून ‘थांबा’ म्हणू लागला तर आख्खा लॅडल, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातलं सगळं, वाया. शिवाय ठेकेदाराची माणसं दर चार महिन्यांनी बदलतात, होळीला गेलेली निम्मी परत येत नाहीत, त्यांना शिकवायचं कोणी आणि कशासाठी? आणि सर्वांत महत्त्वाचं, गिऱ्हाईक दरवर्षी भाव कमी कर म्हणतो आणि रिजेक्शन झालं की कास्टिंगच्या किमतीच्या कितीतरी पट डेबिट नोट लावतो, म्हणजे तेवढे पैसे आमच्या बिलातून कापतो. त्याच्या मशिनिंगचा खर्च, त्याची लाइन थांबली त्याचा खर्च, सगळा आमच्या माथी.

भट्टीच्या घाईबद्दल माझं उत्तर सरळ आहे. घाई जितकी जास्त, तितका दोष ओतायच्या आधी सापडणं गरजेचं. कोअर गार लागतोय हे लॅडल उचलायच्या आधी कळलं तर नुकसान एका कोअरचं. साच्यात कळलं तर एका पेटीचं. मशिन शॉपमध्ये कळलं तर कास्टिंग, वीज, टूल आणि मजुरीचं. गिऱ्हाइकाच्या लाइनवर कळलं तर त्या डेबिट नोटचं. ही किंमत चढत जाते हे मालकाला माझ्याहून जास्त माहीत आहे, कारण पैसे तोच भरतो. आणि तरी पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसालाच आपण सर्वांत कमी पगार, सर्वांत कमी माहिती आणि सर्वांत जास्त भीती देतो.

माणसं टिकत नाहीत याचं खापर मात्र मी माणसांवर फोडू देणार नाही. ती टिकावीत अशी नोकरीच आपण ठेवलेली नाही. कोअर बसवणं, ओतणं, वाळू बनवणं ही फाउंड्रीची मूळ कामं. ती ठेकेदाराकडं दिली, की कौशल्यही ठेकेदाराच्या टेम्पोत बसून येतं आणि त्याच टेम्पोत बसून जातं. भारतात जमत नाही असंही नाही. भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात १९८० मध्ये क्वालिटी सर्कल सुरू झालं. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनला गुणवत्तेसाठीचा जपानी डेमिंग पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्यामागून दक्षिणेतल्या सुटे भाग बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी तो मिळवला. पुरस्काराचं मला फार कौतुक नाही. पण त्यासाठी वर्षानुवर्षं खालच्या माणसापर्यंत जावं लागतं, आणि ती माणसं कायम असल्याशिवाय तसं जाता येत नाही, एवढं मला त्यातून दिसतं.

गिऱ्हाइकाबद्दलची तक्रार मला पूर्ण मान्य आहे, आणि हा एकट्या कारखान्याचा प्रश्न नाही असं मी म्हणतो ते इथंच. ज्या मोटार कंपन्या आपल्या कारखान्यात जपानी पद्धतीचे फलक लावतात, त्याच पुरवठादाराशी वागताना लाल मण्यांच्या खेळातला साहेब होतात. डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांत एक असा आहे, की केवळ भाव बघून खरेदी करू नका, एका पुरवठादाराशी लांबचं, विश्वासाचं नातं जोडा. कोल्हापूरच्या शेकडो फाउंड्र्या एकमेकींचा भाव पाडत स्वतंत्रपणे वाटाघाटीला बसतात, म्हणून कोणीच हे मोठ्या कंपनीला ऐकवू शकत नाही. आपल्या औद्योगिक संघटना जागेसाठी, वीजदरासाठी, रस्त्यांसाठी एकत्र येतात आणि ते योग्यच आहे. डेबिट नोटच्या अटी काय असाव्यात आणि दोषाचं कारण दोघांनी मिळून शोधल्याशिवाय ती लागू नये, यासाठीही त्यांनी एकत्र यायला हवं.

सरकारचा भाग वेगळा. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’ म्हटलं, २०१६ मध्ये लहान उद्योगांना त्याचं सर्टिफिकेट देणारी झेड योजना आली, आणि आता सूक्ष्म उद्योगाला त्या सर्टिफिकेटच्या खर्चात ८० टक्के सवलत मिळते. हेतू चांगला आहे. पण करदात्याचा पैसा पुन्हा भिंतीवरच्या चौकटीसाठीच जाणार असेल तर तो मला अपुरा वाटतो. तोच पैसा कोअर बसवणाऱ्या, वाळू तपासणाऱ्या, लॅडल धरणाऱ्या माणसाच्या शिकण्यावर लावा. कळंब्याच्या आयटीआयमध्ये संध्याकाळचा वर्ग घ्या, मराठीत आणि हिंदीत, आणि शिकायच्या तासांची मजुरी अनुदानातून द्या. सवलत देताना एक अट घाला, की मूळ प्रक्रियेवरची माणसं कारखान्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर असली पाहिजेत. आणि ऑडिटरनं फाइल उघडण्याआधी शॉपमध्ये जाऊन पाच कामगारांना एकच प्रश्न विचारावा: तुम्ही काम शेवटचं कधी थांबवलं होतं, आणि मग काय झालं?

गेल्या पावसाळ्यात एका लहान फाउंड्रीच्या मालकानं माझं ऐकून एक गोष्ट करून बघितली. ओतकामाच्या जागी खांबाला एक शिट्टी बांधली. नियम असा, की कोणालाही शंका आली तर शिट्टी मारायची, मिस्त्री येऊन बघेपर्यंत त्या पेट्या ओतायच्या नाहीत, आणि मजुरी कापायची नाही. पहिला आठवडा शिट्टी तशीच लोंबत राहिली. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री कोअर बसवणाऱ्या पोरानं ती मारली. मिस्त्री आला, मालकही केबिनमधून उतरून आला. कोअर तपासले, तर ते कोरडे ठणठणीत होते. जास्त भाजले गेल्यामुळं रंग काळसर झाला होता आणि पोरगा त्यालाच ओल समजला होता. एवढ्यात लॅडलमधला रस निवला, परत भट्टीत टाकावा लागला. नऊ पेट्या तशाच राहिल्या. सगळे हातातलं काम सोडून मालकाच्या तोंडाकडं बघत उभे. मालकानं त्या पोराला जवळ बोलावलं, चांगला कोअर आणि ओला कोअर फोडून दोन्ही त्याच्या हातात दिले, कुठला कसा लागतो ते दाखवलं. मग ठेकेदाराला म्हणाला, ‘त्या नऊ पेट्या याच्या टोळीच्या नावावर लिही.’ ठेकेदार जरा घुटमळला. मालक तिथंच उभा राहिला, वहीत नऊचा आकडा पडेपर्यंत.

त्याच्या पुढच्या आठवड्यात तीनदा शिट्टी वाजली. दोनदा कोअर खरंच ओले होते.